दर व्होल्टला पाच वेढे

सासरे दवाखान्यातून घरी यायच्या आदल्या दिवशी निरीक्षकांनी त्यांचा रेडिओ जाळला.

जाळायचा हेतू नव्हता, पुसायचा होता. सासऱ्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसरा आधीपासूनच अधू होता, आणि डॉक्टरांनी सहा आठवडे मान खाली घालून बसायला सांगितलं होतं. वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, वर तर बघायचंच नाही. मग माणसानं करायचं काय? उरला रेडिओ. तो सासऱ्यांच्या घरून मुद्दाम आणवला होता. लाकडी पेटीचा, आत काचेच्या नळ्या असलेला, चाळीस वर्षं त्यांच्या शिलाई मशीनशेजारी बोलत राहिलेला. निरीक्षकांनी मागचं झाकण काढून धूळ झटकली. तिथं एक लहानशी खुंटी होती. एका बाजूला २३० लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला ११०. निरीक्षक वजनमाप खात्यात होते आणि सव्वीस वर्षं लोकांचे तराजू तपासत आले होते. फिरणारी वस्तू दिसली की ती फिरवून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी खुंटी फिरवली, ती नीट फिरते अशी खात्री करून घेतली आणि प्लग लावला.

आधी धूर आला की आधी वास आला, यावर नंतर घरात मतभेद झाले. रेडिओ गेला याबद्दल मात्र एकमत होतं.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं पेटीत नाक घालून बघितलं आणि दुखवट्याला आल्यासारखं तोंड केलं.

“ट्रान्सफॉर्मर गेला, साहेब.”

“गेला म्हणजे?”

“म्हणजे गेला. दोनशे तीस व्होल्ट एकशेदहाच्या वाटेनं सोडलेत तुम्ही. आतली तार करपली. बाकी सगळं ठणठणीत आहे.”

“मग दुसरा बसवा.”

“या मॉडेलचा आता कुठून आणू? गुंडाळून घ्यावा लागेल. गुंडाळणारा एक होता, पण हात थरथरायला लागल्यावर त्यानं काम सोडलं.”

“तुम्ही गुंडाळा.”

“छे हो. हजारानं वेढे मोजायचे. मला मोजायचा भारी कंटाळा.”

‘मोजायचा कंटाळा’ हे शब्द निरीक्षकांना शिवीसारखे लागले. “एवढंच ना? मोजायचंच आहे ना फक्त?” ते म्हणाले. “मग मीच करतो.” आयुष्यात काही वाक्यं माणसानं गिळून टाकायची असतात. हे त्यातलं एक होतं, पण ते निरीक्षकांना कळायला पाच आठवडे जायचे होते.

रेडिओवाल्यानं एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब लिहून दिला. रेडिओ साठ-पासष्ट वॅटचा. त्याचं वर्गमूळ आठ, वर थोडं जास्तीचं धरून नऊ. म्हणजे लोखंडी पत्र्यांचा जो गठ्ठा मधोमध बसवायचा, ज्याला कोअर म्हणतात, त्याची जाडी-रुंदी नऊ चौरस सेंटिमीटर हवी. पंचेचाळीस हा ठरलेला आकडा, त्याला नवानं भागा. आले पाच. दर व्होल्टला पाच वेढे. घरात वीज येते दोनशे तीस व्होल्ट, म्हणजे आधी अकराशे पन्नास वेढे. त्यावर अडीचशे व्होल्टसाठी साडेबाराशे. आणि सगळ्यात वर, काचेच्या नळ्या तापवायला सव्वासहा व्होल्ट लागतात, त्याचे बत्तीस. पुठ्ठा छातीशी धरून निरीक्षक घरी आले तेव्हा बऱ्याच वर्षांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर उत्साह होता.

दुसऱ्या दिवशी सासरे आले. डोळ्याला पट्टी, हनुवटी छातीला टेकलेली. दारातच थांबले.

“जावईबापू, वास कसला येतोय हो?”

“वास? शेजारी रंगकाम चाललंय, बाबा.”

“रेडिओ जाळलाय यांनी,” बायको म्हणाली. ती पोस्टात काउंटरवर बसायची, आणि आलेली गोष्ट ज्याची त्याला लगेच देऊन टाकायची तिला सवय होती.

“कोणाचा?”

“तुमचा. आपल्याकडे दुसरा कुठाय?”

एरवी अशा वेळी माणूस मान खाली घालतो, पण सासऱ्यांची आधीच खाली होती.

“मी करून देतो,” निरीक्षक घाईघाईनं म्हणाले. “स्वतः. आठ दिवसांत. मापात तसूभर फरक पडणार नाही.”

‘माप’ म्हटल्यावर सासऱ्यांचे खांदे जरा हलले. त्याला कारण होतं. सासरे पन्नास वर्षं शिंपीकाम करत होते. बावीस वर्षांपूर्वी, लग्न ठरल्यावर पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेलेल्या निरीक्षकांनी, सहज म्हणून, टेबलावरची टेप खिशातल्या पट्टीशी ताडून बघितली होती आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं होतं, “टेप ताणलेली आहे. अर्ध्या इंचानं खोटी.” खरंच होती. म्हणूनच तर सासऱ्यांनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून दोघांत “प्रवास बरा झाला ना?” आणि “तब्येत काय म्हणते?” यापलीकडे संभाषण गेलं नव्हतं.

“बरं,” सासरे म्हणाले. “सहा आठवडे राहायचं कबूल केलंय, राहीन. त्यावर एक दिवस नाही. रेडिओ झाला की तो घेऊन निघालो.”

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. वडील गावी एकटेच राहत. दुकान बंद, मशीनला कापड घातलेलं, सोबतीला तो रेडिओ. चार वर्षं ती त्यांना ‘इकडे या’ म्हणून विनवत होती. आता आले होते ते नाइलाजानं, आणि आल्या आल्या त्यांचा सोबतीच जावयानं संपवला होता. ती त्या नजरेनं जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

निरीक्षकांकडे वडिलांच्या वेळचं हातानं फिरवायचं ड्रिल होतं. बाजूला हँडल, आत दातेरी चाकं, पुढं तोंड. ते त्यांनी जेवणाच्या टेबलाला आडवं आवळलं. तोंडात पुठ्ठ्याची बॉबिन बसवली. ते हँडल फिरवणार, बायको तार बोटांतून सोडणार, आणि वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी दर शंभराला कागदावर एक रेघ ओढणार, अशी कामाची वाटणी झाली. सासरे शेजारच्या खाटेवर, उशीवर कपाळ टेकून. रविवारी सकाळी निरीक्षकांनी खाकरून घसा साफ केला आणि हँडल फिरवलं.

“एक.”

चारशे बारापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग तार सोडता सोडता बायको म्हणाली, “चहा टाकू का?” निरीक्षक “हो” म्हणाले आणि थांबले.

“किती झाले होते?”

“चारशे बारा,” मुलगी म्हणाली.

“की चारशे एकवीस?”

“पप्पा, नऊ वेढ्यांनी काय आभाळ कोसळतं? धरा अंदाजे.”

निरीक्षकांच्या खात्यात ‘अंदाजे’ हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. त्यांनी सगळी तार उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी तीनशे सातला फोन वाजला. ऑफिसातल्या कारकुनाचा होता. मुलीनं फोन वडिलांच्या कानाला धरला.

“साहेब, उद्या बाजारात काटे किती तपासायचे?”

“तीनशे सात,” निरीक्षक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोन शिपाई तीनशे सात काटे तपासायला बाजारात गेले. बाजारात साठच दुकानं होती. शिपायांनी प्रत्येक काटा पाच पाच वेळा तपासला, तरी सात उरलेच, म्हणून ते दवाखान्यातला वजनकाटा तपासायला गेले आणि तिथल्या डॉक्टरांनी वर तक्रार केली. त्याचं स्पष्टीकरण निरीक्षकांना लेखी द्यावं लागलं. ‘सदर आकडा वेढ्यांचा होता’ हे वाक्य वरच्या साहेबांनी तीनदा वाचलं आणि निरीक्षकांना रजा घ्यायची आहे का असं हळुवारपणे विचारलं.

त्या दिवशी घरात नियम झाला. मोजताना कोणी बोलायचं नाही. दाराला लाल फडकं बांधलेलं असेल तोवर बेल वाजली तर दार उघडायचं नाही, फोन वाजला तर घ्यायचा नाही, शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं.

“गुन्हेगाराला सुद्धा बाजू मांडायचा हक्क असतो,” मुलगी म्हणाली.

“मोजून झाल्यावर मांड.”

सासऱ्यांना फडकं दिसण्याची सोय नव्हती. म्हणून निरीक्षकांनी ठरवलं की आपण मोठ्यानं मोजायचं, म्हणजे त्यांना कळेल. तेव्हापासून रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून त्या घरात एकच आवाज घुमू लागला. एकशे अकरा, एकशे बारा, एकशे तेरा.

“जावईबापू, एक बोलू का?” असं सासरे तिसऱ्या दिवशी म्हणाले होते.

“एकशे चौदा, बाबा, नंतर! एकशे पंधरा.”

मोजून झाल्यावर निरीक्षकांनी आठवणीनं विचारलं, “काय म्हणत होतात?”

“काही नाही,” सासरे म्हणाले. “राहू द्या.”

मोजून झाल्यावर म्हणजे काय, तर पाचशे ऐंशीला बॉबिन भरली. गच्च. अकराशे पन्नासांपैकी निम्मे वेढे कसेबसे बसले होते आणि वरचे साडेबाराशे तर अजून सुरूही व्हायचे होते. निरीक्षकांनी पुठ्ठा पुन्हा बघितला, गुणाकार पुन्हा केला. हिशेब बरोबर होता. हिशेब बरोबर आणि वस्तू मात्र त्यात मावत नाही, असं झालं तर सरकारी माणूस वस्तूला दोष देतो. कोअर लहान आहे, असा निष्कर्ष निघाला.

रेडिओवाल्यानं खुषीत मोठी कोअर काढून दिली. सोळा चौरस सेंटिमीटर. गंजलेले पत्रे, एकशे चाळीस. जितकी कोअर जाड, तितके वेढे कमी, असा नियम आहे. दर व्होल्टला तीनाहून कमी. सहाशे सत्तेचाळीस वेढ्यांत काम होणार होतं. निरीक्षकांना हायसं वाटलं. त्यांनी जुनी तार उलगडायला घेतली, ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून परत, अशी घरभर ताणली, आणि दूध आणायला उठलेली बायको तिच्यात पायापासून कमरेपर्यंत अडकली. “हलू नकोस,” निरीक्षक म्हणाले. “वेढे मोजलेले आहेत.” हे वाक्य त्यांनी जपून म्हणायला हवं होतं. बायको दोन दिवस बोलली नाही, पण नियमच न बोलण्याचा असल्यामुळे ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

मधे कागदाचे थर घालायचे होते. ते कापायला निरीक्षकांनी सासऱ्यांनी गावाहून सोबत आणलेली, खाटेला टांगलेली कात्री उचलली. नुसता खण् असा आवाज झाला.

“कात्री ठेवा,” उशीतून आवाज आला.

“जरा कागद—”

“ती कापडाची आहे. पन्नास वर्षांत तिला कागद लागलेला नाही. हिनं एकदा लहानपणी पतंगाचा कागद कापायला घेतली होती, काय झालं विचारा तिला.”

बायकोनं नुसती मान डोलावली. चाळिशी उलटली होती, पण तिला ते अजून आठवत होतं. निरीक्षकांनी कात्री जागेवर ठेवली आणि कागद ब्लेडनं कापले, बोटासकट.

दुसरा ट्रान्सफॉर्मर पूर्ण झाला. सगळं मावलं. शेवटची, नळ्या तापवायची तार जाड होती, ती ड्रिलवर वळेना, म्हणून तिचे अठरा वेढे निरीक्षकांनी हातानं, एकेक करून घातले. मीटर लावला. अडीचशे हवे होते तिथं अडीचशे आले. निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी सव्वासहाच्या तारांना मीटर लावला. दीड.

“दीड?” मुलगी म्हणाली.

“गप्प. दीड.”

रेडिओ लावला तर काचेच्या नळ्या तशाच थंड. निरीक्षकांनी पुठ्ठा वाचला, उलटा धरून वाचला, पुन्हा सुलटा धरला. मोजण्यात चूक असणं शक्य नव्हतं. ते स्वतः मोजत होते. म्हणजे दोष गंजाचा. गंजलेल्या पत्र्यांतून कुठंतरी व्होल्ट गळत असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. एकशे चाळीस पत्रे घासले, दोन्ही बाजूंनी वार्निश लावलं आणि वाळत घातले. खिडकीत, खुर्च्यांवर, कपाटावर, शिवाय मुलीच्या कायद्याच्या पुस्तकांत एकेक पान सोडून. चार दिवस घरात कोणाला बसायला जागा नव्हती. सासरे तेवढे आपल्या खाटेवर सुरक्षित होते. पाचव्या दिवशी सगळं जुळवलं. मीटरनं दीड दाखवले.

“अजून मोठी घेऊन बघा,” रेडिओवाला म्हणाला. त्याच्याकडे भंगारातल्या वेल्डिंग मशीनची कोअर पडून होती, आणि ती उचलून नेणारं कोणी भेटेल ही आशा त्यानं सोडून दिली होती.

पंचवीस चौरस सेंटिमीटर. चारशे चौदा वेढे. वर हाताचे अकरा. तयार झाल्यावर निरीक्षकांनी तो ऑफिसातल्या प्रमाणित काट्यावर नेऊन ठेवला तर अकरा किलो तीनशे पन्नास ग्रॅम भरला. रेडिओ स्वतः सहा किलोचा होता. ट्रान्सफॉर्मर रेडिओत बसायचा, तो प्रश्न आता उरला नव्हता, फार तर रेडिओ ट्रान्सफॉर्मरवर बसला असता. त्यांनी तो फळीवर ठेवला. फळी खाली आली, तिच्यासोबत घड्याळ आणि मुलीच्या शाळेतलं वक्तृत्वाचं ढाल-बक्षीस आलं. निरीक्षकांनी तो जमिनीवरच जोडला. अडीचशेच्या जागी अडीचशे. सव्वासहाच्या जागी, तुम्ही ओळखलंच असेल.

पाच आठवडे झाले होते. निरीक्षकांचं वजन चार किलोंनी उतरलं होतं, तेही त्यांनी प्रमाणित काट्यावरच बघितलं होतं. झोपेत ते आकडे बडबडायचे. ऑफिसात त्यांनी एका दुकानदाराचा खरा काटा खोटा ठरवला आणि दुसऱ्याचा खोटा काटा हातात घेऊन बराच वेळ उदास बसून राहिले. माणसाला एक गोष्ट येते, तिच्यावर तो जगतो, आणि एके दिवशी कळतं की तीही येत नाही. त्यांना खरोखर रडावंसं वाटत होतं. बायको पोस्टात आणि मुलगी ग्रंथालयात गेलेली. ते सासऱ्यांच्या खाटेजवळ जमिनीवर बसले. दोघंही मान खाली घालून.

“बाबा, मला जमत नाही,” निरीक्षक म्हणाले. “तुमचा रेडिओ माझ्या हातून गेला. मी मोजतो आणि ते येत नाही.”

“आज फडकं नाही ना लावलेलं?” सासऱ्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग बोलतो. तुमची बॉबिन फिरताना एका बाजूला घासते. टक् असा आवाज येतो. फेऱ्याला एक टक्.”

“असेल.”

“तुम्ही ‘एक’ म्हणता तोवर चार टक् होतात.”

निरीक्षकांनी मान वर केली.

“माझ्या हातमशीनला चाकाच्या एका फेऱ्यात तीन टाके पडायचे,” सासरे उशीला सांगत होते. “आत लहान-मोठी चाकं असतात. हँडल एकदा फिरलं म्हणून सुई एकदाच जाते असं नसतं. तुमच्या त्या ड्रिलला चार आहेत. तुम्ही हँडलचे फेरे मोजता. तारेचे चौपट पडतात. पहिल्या दिवशी बॉबिन भरली ती म्हणूनच. आणि वरची जाड तार तुम्ही हातानं घालता, ती बरोब्बर पडते. खालच्या दोन्ही चौपट, वरची बरोब्बर. मग येणार कसे? पावच येणार.”

निरीक्षक उठले, ड्रिलजवळ गेले, हँडल एकदाच फिरवलं. टक्, टक्, टक्, टक्. सव्वीस वर्षांची नोकरी त्यांना त्या चार आवाजांत संपल्यासारखी वाटली.

“तुम्हाला कधी कळलं हे?”

“तिसऱ्या दिवशी.”

“तिसऱ्या! आणि मला आज सांगताय? पाच आठवडे! अकरा किलो!”

“सांगणार होतो,” सासरे म्हणाले. “मोजताना बोलायचं नाही हा नियम तुमचा.”

निरीक्षकांनी हँडल सोडलं. उशीतून पुन्हा आवाज आला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यात हसू होतं. “माझी टेप अर्ध्या इंचानं खोटी होती, जावईबापू.”

त्यानंतर काम एका दुपारचं होतं. पहिली, लहान कोअर. अकराशे पन्नास भागिले चार, हँडलचे दोनशे सत्त्याऐंशी फेरे आणि वर अर्धा. निरीक्षकांनी अर्धा सुद्धा खडूची खूण करून मोजला. एकशेदहा व्होल्टसाठी मधूनच एक तार बाहेर काढायची होती, ती काढू नका असं बायको सांगत होती.

“आपल्याकडे एकशेदहा येतात कुठं? त्यानंच तर घात केला.”

“मूळ मापाबरहुकूम झालं पाहिजे,” निरीक्षक म्हणाले. पण मग त्यांनी खुंटी २३० वर आणली, तिच्यातून बारीक तार ओवली आणि तराजूंना लावतात तसं शिशाचं सील दाबून टाकलं. आता ती कोणाच्या बापाला फिरवता येणार नव्हती. सव्वासहाला सव्वासहा आले. नळ्या लाल झाल्या, आणि कोणीतरी गंभीर माणूस हवामान सांगू लागला. घरातली चारही माणसं सवयीनं गप्प बसून होती.

“आवाज स्वच्छ आहे,” सासरे म्हणाले. “पूर्वी जरा खरखरायचा.”

पुढचे काही दिवस रेडिओ वाजत राहिला. निरीक्षक आल्यावर वर्तमानपत्र घेऊन एका खोलीत बसायचे, बायको दुसऱ्या, मुलगी तिसऱ्या. सासरे रेडिओसमोर एकटेच. मधेच एकदा त्यांनी विचारलं, “मिक्सर वगैरे सगळं नीट चालतंय ना तुमचं?” अगदी नीट चालतंय, असं बायकोनं सांगितलं. “हं,” म्हणाले आणि बातम्या ऐकू लागले.

पट्टी निघाली. डॉक्टरांनी मान वर करायला परवानगी दिली. सासऱ्यांनी घर पहिल्यांदाच सरळ बघितलं. दार उघडं राहावं म्हणून टेकवलेला अकरा किलोंचा ट्रान्सफॉर्मर त्यांनी वाकून, चष्मा लावून, बराच वेळ न्याहाळला. “वेढे मात्र नीट बसवलेत,” ते म्हणाले. रविवारच्या गाडीचं तिकीट आधीच काढलेलं होतं. शनिवारी बॅग भरून झाली. बायको रात्रभर कड बदलत होती, हे निरीक्षकांना कळत होतं, कारण तेही जागेच होते.

रविवारी सकाळी तो वास आला.

निरीक्षक धावत बाहेरच्या खोलीत गेले. रेडिओच्या मागून निळसर धूर निघत होता. त्यांनी प्लग ओढला, झाकण काढलं. ट्रान्सफॉर्मर काळा पडला होता. खुंटी ११० वर होती. शिशाचं सील खाली लोंबत होतं आणि त्याची तार एका घावात, सरळ, स्वच्छ कापलेली होती. तुटलेलं सील सव्वीस वर्षांत त्यांनी कोणाला माफ केलं नव्हतं. दहा ग्रॅमचा फरक नसला तरी नाही.

सासरे खाटेवर बसले होते, मान ताठ, हात मांडीवर. शेजारी कात्री टांगलेली. निरीक्षक जवळ गेले. जिला पन्नास वर्षांत कागद लागला नव्हता, तिच्या पात्याला मधोमध एक बारीकसा दाता पडला होता, तार कापल्यावर पडतो तसा.

“पुन्हा जळला का?” सासऱ्यांनी विचारलं. ते खिडकीबाहेर बघत होते. “अरेरे. आता रेडिओशिवाय मी जाणार कसा?”

बायको दारात उभी होती. तिनं कात्रीकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, आणि एकदम नाक ओढत म्हणाली, “अहो, ती बॉबिन कुठं ठेवलीय तुम्ही?”

निरीक्षकांनी सील खिशात टाकलं. ड्रिल काढून टेबलाला आवळलं. मुलगी कागद-पेन्सिल घेऊन आली. निरीक्षक लाल फडकं दाराला बांधायला निघाले, तर सासरे खुर्ची ओढत ओढत टेबलाशी आले.

“ते राहू द्या,” ते म्हणाले. “आता बोललेलं चालेल. चारानं गुणायला मी बसतो ना.”

निरीक्षकांनी हँडल एकदा फिरवलं.

“एक,” ते म्हणाले.

“चार,” सासरे म्हणाले.